सहाव्या आठवड्याचा कागद

१९ नोव्हेंबर २०२३, बालीगंज, कोलकाता

आजपासून लिहायचं ठरवलंय. जिल्हा परिषदेत आवक-जावकच्या टेबलावर एकतीस वर्षं काढली. दिवसाची नोंद झाली नाही की मला चुकल्याचुकल्यासारखं होतं. सांगलीत आता नोंद करण्यासारखं काही घडत नाही. इथं घडेल.

लेकीकडे दिवाळीला म्हणून आले, ती आता राहणारच आहे. केयूर (आमचे जावई, बँकेत अधिकारी) ऑडिटच्या दौऱ्यावर असतात, नूपुरचं ऑफिस सॉल्ट लेकला, आणि वैदेही अजून दोन वर्षांचीही नाही. तिघं मिळून संसार करतात की संसार त्यांना करतो, कळत नाही. हे सांगलीत एकटे आहेत, पण कुकर लावता येतो त्यांना. बाकी वेळ पेपर वाचण्यात जातो.

नूपुरला दारात बघून बरं वाटलं. बाळंतपणात चढलेलं सगळं अंग उतरलंय. ऑफिसातल्या मैत्रिणी म्हणे विचारतात, काय केलंस? ही म्हणते, काहीच नाही. थकते मात्र फार. घरी आली की पाण्याची बाटली घेऊन सोफ्यावर बसते आणि ती संपवूनच उठते. वैदेही तिच्यामागे ‘जोल, जोल’ करत फिरते. नातीनं पाण्याला पाणी म्हणावं एवढीच माझी मागणी आहे.

नूपुरच्या खोलीला लागून जी बाथरूम आहे तिथं मुंग्या फार. दुसरीत नाहीत. इथली ओल, दुसरं काय? मुंग्यांचा खडू आणायला सांगितलाय.

२७ नोव्हेंबर

नूपुर भाजी निवडता निवडता म्हणाली, “आई, दुसऱ्याचा विचार चाललाय.”

मी म्हटलं, चांगलंच आहे. केयूरांची इथली तीन वर्षं २०२५ च्या एप्रिलनंतर कधीही भरतील. मग कुठे फेकतील सांगता येत नाही. बाळ इथंच झालं, मी इथंच असले, तर सगळं सुरळीत होईल.

तर म्हणते, “आधी एकदा डॉक्टरांना दाखवून येते. रक्त वगैरे तपासून घेते. शनिवारची वेळ मिळतेय.”

दिवस राहायच्या आधी डॉक्टर! मला हसूच आलं. म्हटलं, “लग्नाआधी बारशाची तारीख काढतेस का? आजारी आहेस का तू?”

“तसं नाही. मागच्या वेळी शेवटी साखर वाढली होती ना?”

“ती बाळंतपणात गेली. तिसऱ्या दिवशी ब्याण्णव आली होती, माझ्या डोळ्यांदेखत. उगाच सुया टोचून घ्यायची हौस कशाला?”

तिनं निवडलेली भाजी बाजूला ठेवली. मग फोन घेऊन शनिवारची वेळ रद्द केली. माझं ऐकते. लहानपणापासून ऐकत आलीय, हा तिचा मोठा गुण आहे.

१७ डिसेंबर

थंडी पडली आणि इथल्या बाजारात नोलेन गुळाचा वास सुटला. खजुराच्या रसाचा गूळ. आपला गूळ बरा, पण हाही वाईट नाही, हे कबूल करावं लागेल. त्यात डिंक, खारीक, खोबरं घालून लाडू केले. नूपुरला रोज एक. दिवस राहायच्या आधी अंगात ताकद हवी. खालमानेनं खाते बिचारी.

पुतुल पोळ्या करायला येते. बजबजहून सकाळच्या गाडीनं येते ती चार घरं दोन्ही वेळा करून रात्री परत. पोळ्यांचे नकाशे होतात, पण माणूस चांगलं. आज लाटता लाटता नूपुरबद्दल म्हणाली, “माशिमा, बोउदी इतना पानी काहे खाता है? हमारा बड़ो दीदी भी ऐसा पानी खाता था. उसका चीनी निकला.”

मी म्हटलं, तुझ्या दीदीचं वय काय? पन्नास. आमची एकतीस. पोळीकडे बघ म्हटलं, करपतेय.

२८ जानेवारी २०२४

गोड बातमी. वेळ टळून नऊ दिवस झाले म्हणून तिनं घरीच तपासलं. केयूर इतके खूश झाले की मला वाकून नमस्कार केला, जसं काही मीच करून दिलं!

नूपुर लगेच डॉक्टरांचं म्हणायला लागली. मी म्हटलं, थोडं थांब. तिसरा लागेपर्यंत कुणाला सांगायचं नसतं. डॉक्टरकडे गेलीस की इथल्या महाराष्ट्र मंडळातल्या चार बायकांना कळणारच, परवा हळदीकुंकवाला सगळ्या तेच तर विचारत होत्या. महिनाभरानं जाऊ. तोवर खा-पी, आराम कर.

तिला खाली खाज सुटते म्हणे सारखी. मेडिकलवाल्याकडून मलम आणलं. होतं असं.

२४ फेब्रुवारी

डॉ. सेनगुप्तांकडे गेलो. पन्नाशीची बाई, आवाज मऊ. हिंदी आपल्यासारखीच मोडकी, म्हणून मला समजते. दोन दिवसांपूर्वी रक्त दिलं होतं, त्याचा कागद त्यांच्यासमोर होता.

साखर उपाशीपोटी एकशे अठ्ठ्याऐंशी. आणि तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एक तपासणी असते, तिचा आकडा साडेसहाच्या आत हवा. नूपुरचा दहा पूर्णांक एक.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ही साखर दिवस गेल्यामुळे आलेली नाही, आधीपासून आहे. बरेच महिने. तहान लागायची का? वजन उतरलं का? खाज येते का? नूपुर प्रत्येक प्रश्नाला मान हलवत होती. मला पुतुल आठवली. बाथरूममधल्या मुंग्याही आठवल्या. त्या ओलीला नव्हे, साखरेला लागल्या होत्या.

“पहिल्या वेळी साखर होती?”

“शेवटचे दोन महिने. पथ्यावर होते.”

“डिलिव्हरीनंतर सहा आठवड्यांनी परत तपासायला सांगतात. तुम्हाला कुणी सांगितलं नाही?”

“नाही,” नूपुर म्हणाली. “मला कुणी नाही सांगितलं.”

मी पर्समध्ये चष्मा शोधत होते. चष्मा डोळ्यावरच होता.

मग त्या म्हणाल्या, “बच्चे का दिल, रीढ़, सब पहले आठ हफ्ते में बन जाता है. तब माँ को पता भी नहीं होता. इसीलिए पहले से जाँच करते हैं.” आता नऊ आठवडे झालेत. आजपासून इन्सुलिन. मेच्या सुरुवातीला बाळाची मोठी सोनोग्राफी, तेव्हा काय ते कळेल.

उरलेले लाडू पुतुलला देऊन टाकले.

९ मार्च

नूपुर दिवसातून चार वेळा पोटाला इन्सुलिन टोचते. पहिल्या दिवशी मी म्हटलं, मी टोचते, तर नको म्हणाली. आता साखर शंभराच्या आसपास येते. केयूर फ्रिजवर कागद लावून आकडे लिहितात. मला वाटतं, होईल सगळं ठीक. माझी मावशी सात बाळंतपणं करून गेली, तिची कधी कुणी साखर बघितली? चार वर्षं अंथरुणात होती शेवटी, पाय काळा पडला होता, ती गोष्ट वेगळी.

१६ एप्रिल

बाळ हललं म्हणाली. माशासारखं, पोटात चुळबुळ. वैदेहीनं पोटाला कान लावला आणि बंगालीत काहीतरी सांगितलं. आम्हाला कळलं नाही, पण बाळाला कळलं असेल असं नूपुर म्हणाली. कितीतरी दिवसांनी हसली.

३ मे

सोनोग्राफीला केयूर आणि ती आत गेले. मी बाहेर. वीस मिनिटांचं काम, म्हणाले होते. सव्वा तास झाला.

बाळाच्या हृदयात चार कप्पे हवेत, दोनच आहेत. पाठीचा कणा खाली उघडा राहिलाय.

एवढंच मला केयूरांनी टॅक्सीत सांगितलं. नूपुर खिडकीकडे तोंड करून बसली होती. घरी आल्यावर वैदेहीनं बाटली पुढे केली, “आई, जोल.” ती घेऊन नूपुर खोलीत गेली.

६ मे

दुसऱ्या मोठ्या डॉक्टरांनाही दाखवलं. तेही तेच म्हणाले. जन्मलं तरी जगणार नाही, जगलं तर काही तास. केयूर आणि नूपुर दोन तास दार लावून बोलत होते. इथंच थांबवायचं असं त्यांचं ठरलं. मला बोलावलं नाही. वाईट वाटलं. मग वाईट वाटल्याची लाज वाटली.

८ मे

आज झालं. मुलगा होता.

नूपुरनं हातात घेतला. मी बघू शकले नाही.

११ मे

कुणी सांगितलं नव्हतं की दूधही येईल. सकाळी तिचा गाऊन भिजलेला. ती तशीच पलंगावर बसून भिजलेल्या कापडाकडे बघत होती. मी जवळ गेले तर म्हणाली, “आई, याला माहीतच नाही गं.”

डॉक्टरांनी गोळी दिलीय. आपल्याकडे मोगऱ्याची फुलं छातीवर बांधतात, आटतं. पुतुलला सांगितलं तर ती बालीगंजला न उतरता मुद्दाम पुढे सियालदहपर्यंत गेली आणि तिथून ओंजळभर बेलफुलं (इथं मोगऱ्याला तेच म्हणतात) घेऊन परत आली. बाकीच्या घरांत उशीर झाला म्हणून बोलणी खाल्ली असतील. मी ती फुलं जुन्या मऊ साडीच्या पट्टीत बांधली. बांधताना नूपुर लहान मुलीसारखी हात वर करून उभी होती. खोलीभर तो वास. मोगरा मला फार आवडायचा.

२० मे

डॉ. सेनगुप्तांकडे दाखवायला गेलो. त्यांनी सगळं नीट समजावलं. सहा महिने तरी दिवस राहू द्यायचे नाहीत. तो सरासरीचा आकडा साडेसहाच्या आत आला पाहिजे, डोळे आणि मूत्रपिंडं तपासून घ्यायची, फॉलिक अ‍ॅसिड तीन महिने आधीपासून. केयूरांनाही म्हणाल्या, तुमचंही रक्त तपासा, वजन उतरवा, सिगारेट सोडा. तयारी दोघांनी करायची असते. नूपुर भिंतीकडे बघत होती. मधेच म्हणाली, “माझ्यामुळे झालं का हे?”

बाई म्हणाल्या, साखरेमुळेच झालं असं छातीठोक कुणी सांगू शकत नाही, पण साखर वाढलेली असताना दिवस राहिले तर धोका कितीतरी वाढतो. साखर वाढणं हा तुझा गुन्हा नव्हे. तुला ठाऊकच नव्हतं.

मी एवढंच धरून ठेवलं. छातीठोक कुणी सांगू शकत नाही.

मग त्यांनी सांगलीचे कागद मागितले. साखर कधीपासून आहे याचा अंदाज येईल म्हणाल्या. नूपुर म्हणाली, ते आईकडे आहेत. दोघींनी माझ्याकडे बघितलं.

२१ मे

ह्यांना फोन करून कपाटातली निळी फाइल काढायला लावली. दुपारी फोटो आला. हॉस्पिटलातून घरी सोडतानाचा कागद. खालच्या भागात डॉक्टरांच्या अक्षरात: ‘प्रसूतीनंतर सहा आठवड्यांनी ग्लुकोज देऊन साखरेची तपासणी करावी. पुढील गर्भधारणेआधी पुन्हा करावी. नातेवाइकांना समजावून सांगितले.’

खाली माझी सही. तारखेसकट, वळणदार.

खालीच ह्यांचा मेसेज: ‘तुझी सही आहे बघ.’ बाकी काही नाही.

इथं तरी खोटं लिहिणार नाही. मी विसरले नव्हते. विसरले असते तर बरं झालं असतं. नूपुर झोपली होती, डॉक्टरांनी मला बोलावून सांगितलं, मी हो म्हटलं. कॅलेंडरवर खूणही केली होती. बेचाळिसावा दिवस आला तेव्हा नूपुर खाटेवर पडून वैदेहीला पाजत होती, बाहेरून शेगडीच्या शेकाचा वास येत होता. मला वाटलं, ओल्या बाळंतिणीला रात्रभर उपाशी ठेवायचं, सकाळी साखरेचं पाणी पाजायचं, दोन तास लॅबच्या बाकावर बसवायचं? अंगावर पाजणारी पोर. सव्वा महिना जिला उंबऱ्याबाहेर जाऊ दिलं नाही, तिला? साखर तर ब्याण्णव आली होती. मी ठरवलं, नको. आणि तिला डिंकाचा लाडू नेऊन दिला.

तिला विचारलं नाही. विचारायचं असतं हे डोक्यातच आलं नाही. मग केयूरांची बदली झाली, ती तिकडून इकडे आली, कागद सांगलीत राहिला. एकतीस वर्षं माझ्या टेबलावर कागद अडला नव्हता. अडला तो माझ्या मुलीचा.

२२ मे

केयूरांनी विचारलं. मी म्हटलं, “ह्यांना सापडत नाहीये. घर रंगवलं तेव्हा कुठे गेलं कुणास ठाऊक.”

“असू दे आई,” म्हणाले. “तुम्ही त्रास करून घेऊ नका.”

रात्रीचं जेवण गेलं नाही.

२९ मे

ठाण्याहून केयूरांच्या आईचा फोन होता, रजनीताईंचा. नूपुरनं तो स्पीकरवर ठेवून कपड्यांच्या घड्या घालायला घेतल्या. “आता तरी तोंडावर ताबा ठेव गं,” त्या म्हणत होत्या, “बंगाल्यांच्या गावात राहून गोडाची सवय लागते हे मान्य, पण पोटात जीव असताना...” नूपुर “हो आई, हो आई” करत होती. शेवटी म्हणाली, “चूक माझीच आहे.”

फोन ठेवल्यावर मी म्हटलं, कशाला ऐकून घेतेस? तिनं मोबाइल माझ्यापुढे धरला. त्यात तिनं यादी केलीय. नोव्हेंबरपासून गोड काय खाल्लं त्याची. आठवून आठवून. ‘१४ डिसेंबर, दोन संदेश, ऑफिसात. २५ डिसेंबर, केक. संक्रांत, तिळगूळ, मोजले नाहीत. ऑफिसातल्या कीर्तीच्या मुलीचा वाढदिवस, मिष्टी दोई, अर्धी वाटी, मग उरलेली अर्धी.’ पानंच्या पानं. आणि मधे एक ओळ: ‘आईचे लाडू, रोज एक. नको म्हणायला हवं होतं.’

“हे सगळं मी डॉक्टरांना दाखवणार आहे,” म्हणाली. “आणि मला पुन्हा नकोय, आई. मी हे पुन्हा कुणाचं करणार नाही. मला माझाच भरवसा नाही.”

इन्सुलिन घेते का विचारलं तर म्हणाली, दोन दिवस विसरले. फ्रिजवरचा कागद कोरा आहे. मी बघितलं तर दोन नाही, सहा दिवस.

३१ मे

ह्यांचा फोन. “सांगितलंस का?”

मी म्हटलं, आता सांगून काय होणार? बाळ परत येणार आहे? उलट तिला अजून एक दुःख.

ह्यांनी पेपरची घडी घातल्याचा आवाज आला. मग म्हणाले, “अगं, ती तुझी चूक स्वतःच्या नावावर लावून बसलीय. तेवढी तरी तिच्याकडून काढून घे.”

चाळीस वर्षांत इतकं लांब वाक्य ते पहिल्यांदाच बोलले असतील.

२ जून

सांगितलं.

केयूर वैदेहीला घेऊन खाली बागेत गेले होते. नूपुर गॅलरीत. मी तिच्याजवळ फोन नेला आणि फोटो उघडून दिला. म्हटलं, “तुझी यादी पुसून टाक. त्यातलं काहीही तुझं नाही.”

तिनं दोन बोटांनी फोटो मोठा केला. वाचला. परत वाचला. सहीवर थांबली.

“मी कुठे होते तेव्हा?”

“झोपली होतीस.”

“उठल्यावर का नाही सांगितलंस?”

मी बोलायला सुरुवात केली, उपाशी ठेवायचं, पाजणारी पोर, बाकावर दोन तास. बोलता बोलता माझं मलाच ते ऐकवेना, म्हणून थांबले.

“मी नोव्हेंबरमध्ये जाणार होते,” नूपुर म्हणाली. “वेळ घेतली होती. मी तुला म्हटलं होतं, साखर होती ना मागच्या वेळी.”

“हो.”

“तू हसलीस.”

“हो.”

“आणि मी तुझं ऐकलं.”

ती रडेल, ओरडेल, मला काहीतरी फेकून मारेल, असं वाटलं होतं. तिनं फोन माझ्या हातात परत दिला. “दवाखान्यात मी म्हटलं, मला कुणी सांगितलं नाही, तेव्हा तू शेजारी बसली होतीस,” एवढंच म्हणाली. चेहरा असा झाला होता की मी तिला ओळखलं नसतं.

खाली वैदेहीचा आवाज येत होता. मी म्हटलं, “नूपुर, मला माफ...” तिनं हात वर केला. मी थांबले.

मग म्हणाली, “मला सांगितलंस. आता त्यांनाही सांग.”

३ जून

केयूरांना सकाळी सांगितलं. ते चहाचा कप घेऊन उठले आणि बेसिनपाशी पाठ करून उभे राहिले. तसेच ऑफिसला गेले. दुपारी मेसेज आला: ‘आई, नूपुरनं इन्सुलिन घेतलं का ते बघा.’ घेतलं होतं. आकडाही लिहिला होता.

संध्याकाळी रजनीताईंना फोन. नूपुर शेजारी बसली, हात मांडीवर. मी सगळं सांगितलं. कागद, सही, बेचाळिसावा दिवस, नोव्हेंबर, लाडू. तिची काही चूक नाही, तिला काही ठाऊक नव्हतं, ती दाखवायला निघाली होती, मी अडवलं. गाळलं काही नाही.

मग त्या म्हणाल्या, “अहो, तुम्ही आई ना तिच्या?”

“हो,” मी म्हटलं.

“नूपुरला द्या.”

दोघी काय बोलल्या ऐकलं नाही. मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि धुतलेली भांडी परत धुतली. मोठ्यानं रडता यावं म्हणून नळ सोडला होता. पुतुल पोळ्यांची परात ठेवून जवळ येऊन उभी राहिली. तिनं नळ बंद केला आणि माझ्या पाठीवर कणकेचा हात ठेवला.

१२ जून

नूपुर माझ्याशी बोलते. मीठ कुठे आहे, वैदेही जेवली का, गॅस बंद केला का. तिनं ती यादी पुसली, केयूरांनी सांगितलं. रोज सकाळी अर्धा तास तळ्याभोवती चालून येते. मी सोबत येऊ का विचारलं तर म्हणाली, नको, मला एकटीला बरं वाटतं.

ह्यांनी निळी फाइल कुरिअरनं पाठवली. आली तेव्हा मी घ्यायला गेले, तर नूपुरनं माझ्याआधी सही केली. सगळे कागद पलंगावर पसरून तारखेवार लावले, एक नवी फाइल आणली, वर स्वतःचं नाव लिहिलं. मला वाटलं होतं मला लावायला सांगेल. मी दारात उभी होते. आत गेले नाही.

तिकीट पुढच्या महिन्याचं काढू का असं केयूरांना विचारलं. ते म्हणाले, नूपुरला विचारा. नूपुर म्हणाली, “वैदेहीची शाळा सुरू होईपर्यंत राहा.” त्यानंतरचं काही बोलली नाही.

२२ जून

आज तिची तपासणी होती. रात्रभर उपाशी, सकाळी रक्त, मग डॉक्टर. मी सवयीनं साडी बदलून, पर्स घेऊन दारात तयार होते. नूपुरनं फाइल बगलेत घेतली आणि चपला घालता घालता म्हणाली, “आई, तू घरी थांब. आम्ही दोघं जातो.”

थांबले. वैदेहीला भरवलं, झोपवलं. गॅलरीतून रस्ता दिसतो, तिथं उभी राहिले. तीन तास. देवाला काय मागावं तेही सुचेना, मागायचा हक्क राहिलाय की नाही याचीच शंका वाटत होती.

दीडच्या सुमाराला आली. घामानं चिंब, पण चालण्यात काहीतरी सरळपणा होता. पाणी प्यायली, एकच पेला. फाइल तिच्या कपाटात ठेवली, किल्ली फिरवली.

मी ताट वाढलं. मला वाटलं, बसली की सांगेल. बसली, भाकरीचा तुकडा मोडला. आमटी चांगली झालीय म्हणाली. मी ‘हो का’ म्हटलं.

साखर किती आली, मी विचारलं नाही. तिनं सांगितलं नाही.